निरोधकाचा शोध

माणसाच्या आतड्यात वास करणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूला ग्लुकोज मिळत असेतोवर तो दुधातील लॅक्टोजकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोज संपून केवळ लॅक्टोज उरले, की मात्र त्याच्या पेशीत बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे लॅक्टोजचे विघटन करणारे एंझाइम तयार होऊ लागते आणि त्याचे प्रमाण सुमारे हजारपट वाढते. हे एंझाइम घडविणारे जनुक पेशीत आधीपासूनच असते. मग ते एरवी मूक का राहते?

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रांस्वा झाकॉब व झाक मोनो यांनी १९६१ मध्ये याचे उत्तर मांडले. काही उत्परिवर्ती जीवाणू लॅक्टोज नसतानाही हे एंझाइम सतत तयार करीत. प्राकृत जीवाणूतील नियामक जनुक त्यांच्यात शिरले, की ही उधळपट्टी थांबे. यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की पेशीतच जनुकाला अडवून धरणारा एक पदार्थ असतो व लॅक्टोजच्या आगमनाने ही अडवणूक दूर होते. या पदार्थाला त्यांनी निरोधक म्हटले. १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही निरोधक कोणाच्या हाती आलेला नव्हता. तो आरएनए असावा, असाच त्यांचा प्रारंभीचा कयास होता.

निरोधक हाती लागणे सोपे नव्हते, कारण एका पेशीत त्याचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात. हार्व्हर्ड विद्यापीठातील वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्यूलर-हिल यांनी लॅक्टोजशी साम्य असलेला, पण एंझाइमने न तुटणारा आयपीटीजी हा पदार्थ किरणोत्सर्गी करून घेतला. जीवाणूंचा अर्क त्यांनी एका पातळ पटलाच्या पिशवीत भरला. पटलातून आयपीटीजी सहज आरपार जाई, प्रथिने मात्र आतच राहत. काही काळाने पिशवीत बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक आयपीटीजी आढळले. म्हणजेच आत कोणीतरी त्याला धरून ठेवले होते. प्रथिनांचे पचन करणारे एंझाइम मिसळताच ही पकड नाहीशी झाली. निरोधक हे प्रथिन आहे, हे १९६६ मध्ये असे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी ते डीएनएला प्रत्यक्ष चिकटते आणि आयपीटीजी येताच सुटते, हेही दिसून आले.

चार सारख्या घटकांचे हे प्रथिन सुमारे ४६ लाख क्षारकजोड्यांच्या डीएनएतून वीसएक जोड्यांची आपली जागा नेमकी हुडकते. ते तेथे बसले असता आरएनए पॉलिमरेज हे एंझाइम जनुकाचे प्रतिलेखन करू शकत नाही. प्रेरक रेणू जडला, की निरोधकाचा आकार बदलतो व पकड सैल होते. तथापि केवळ अडसर दूर होणे पुरेसे नाही. ग्लुकोज घटल्यावर पेशीत चक्रीय एएमपी वाढते. त्याच्याशी संयोग पावलेले दुसरे एक प्रथिन डीएनएवर शेजारीच बसून पॉलिमरेजला हात देते, तेव्हाच काम जोमाने चालते.

गंमत अशी, की पेशीतील खरा प्रेरक लॅक्टोज नसून त्यापासून बनणारे ॲलोलॅक्टोज आहे, आणि ते बनविते बीटा-गॅलॅक्टोसिडेजच! निरोधक अधूनमधून क्षणभर निसटत असल्याने त्या एंझाइमचे थोडे रेणू पेशीत नेहमीच असतात, आणि पहिले ॲलोलॅक्टोज त्यांच्याकडून तयार होते.