आधी पाणी, मग प्लॉट

वसमत

चि. बाळ,

तुझं पत्र आणि सोबतचा कलानगरचा नकाशा मिळाला. औंढ्याच्या रस्त्याला माळावर कायमचा रंगमंच, कलावंतांना घरं, यात्रेकरूंसाठी लॉज, दुकानांची ओळ. कल्पना मला मनापासून आवडली. पावसाळ्यात कार्यक्रम बंद पडले की तुझे वादक उसनवारीवर दिवस काढतात, त्यांना हक्काचं छप्पर मिळावं ही तुझी तळमळ खरी आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो. प्लॉटचं बुकिंग आत्ता उघडू नकोस.

“माझ्या नावावर माणसं येतील,” असं तू लिहितोस. येतीलच. पण त्याआधी अमेरिकेतल्या विल्यम कोडीची गोष्ट वाच. लोक त्याला बफेलो बिल म्हणत. घोडेस्वारी, नेमबाजी, लुटुपुटीच्या लढाया असा त्याचा भव्य खेळ 1883 पासून गावोगाव फिरला. 1887 मध्ये लंडनला व्हिक्टोरिया राणीनंही तो पाहिला. एवढा नावलौकिक असलेल्या या माणसानं वायोमिंगच्या कोरड्या मुलखात शहर वसवायला घेतलं. 1895 मध्ये जॉर्ज बेक वगैरे भागीदारांबरोबर कालव्याची कंपनी काढली, तिचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी शहराला नाव मिळालं तेही त्याचंच, कोडी.

तिथला कायदा नीट समजून घे, तुझ्या योजनेतली अडचण तिथंच आहे. पडीक सरकारी जमीन वसाहतदाराला स्वस्तात मिळायची. कंपनीनं आपल्या पैशानं कालवा खणायचा आणि पाण्याचा हक्क विकून तो पैसा वसूल करायचा. कालवा झिरपू लागला, फुटू लागला. पाण्याचा भरवसा नाही म्हणून माणसं येईनात, माणसं येत नाहीत म्हणून हक्क विकले जाईनात, आणि हक्क विकले जात नाहीत म्हणून दुरुस्तीला पैसा उरेना. खेळाची कमाई कोडी त्यात ओतत राहिला. 1901 मध्ये रेल्वे आली, ती त्याच्या नावाच्या वजनानं. पण तिच्यासाठी शहरातल्या भूखंडांचा मोठा वाटा द्यावा लागला. 1902 मध्ये त्यानं मुलीच्या नावानं ‘इर्मा’ हॉटेल उघडलं. ते आजही उभं आहे. नदीच्या पलीकडच्या जमिनीसाठीचे पाण्याचे हक्क मात्र त्याला 1904 मध्ये सरकारकडे सोडावे लागले. सरकारनं 325 फूट उंचीचं धरण बांधलं, जानेवारी 1910 मध्ये ते पुरं झालं, आणि त्या खोऱ्याला भरवशाचं पाणी मिळालं. कोडीचा खेळ 1913 मध्ये कर्जापायी जप्त होऊन लिलावात गेला. चार वर्षांनी तो वारला. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटतो, कारण त्यानं वसाहत टाकून पळ काढला नाही. पण खेळावर ज्यांची चूल पेटत होती, ते सगळे त्या लिलावात उघड्यावर पडले.

त्याच 1910 च्या मार्चमध्ये आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला नांगरांचा कारखाना घेऊन कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर उतरले. बेळगावची जागा सोडावी लागली होती. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन कसली, निवडुंग आणि साप! लक्ष्मणरावांच्या मागं प्रेक्षकांची गर्दी नव्हती. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, त्यामुळे सुरुवातीचे नांगर दोन वर्षं खपले नव्हते. पण किर्लोस्करवाडी वसली ती कारखान्याच्या पायावर. त्यांचे भाऊ रामुअण्णा यांनी पाणी, घरं, स्वच्छता यांत स्वतः लक्ष घातलं. औंधच्या तुरुंगातून सुटलेल्या माणसांना पहारेकरी नेमलं, तेही त्यांनी विश्वासानं निभावलं. हाताला काम जसं वाढलं तशी घरं वाढली.

आपल्या तालुक्याचंही तेच नाही का? येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं आलं, मग ऊस आला, पूर्णा कारखान्याला बळ आलं, हळद वाढली. तुझे चाहते याच हळदीवाले आहेत. नऊ महिने पीक सांभाळायचं, काढायचं, शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश करायचं, मोंढ्यात सौद्याला उभं राहायचं, तेव्हा आडत्याची पट्टी हातात पडते. ती पट्टी शर्टाच्या खिशात घालून माणूस रात्री तुझ्या कार्यक्रमाला येतो. तू स्टेजवरून नुसतं म्हणालास तरी तो इसार देईल. म्हणूनच ते तू म्हणायचं नाहीस.

आधी बोअरला पाणी किती टिकतं ते भर मे महिन्यात बघ. मोजणी करून घे. बिगरशेती वापराच्या परवानग्या पुऱ्या झाल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नकोस. कार्यक्रमाचं खातं आणि नगराचं खातं वेगळं ठेव. वादकांची बिदागी नगराच्या खात्यात कधीही वळवायची नाही. तुझ्या नावाचं वजन आहे, ते रस्ता, वीज आणि पाणी मंजूर करून घेण्यासाठी खर्च कर, त्यासाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजव. पहिल्या वर्षी रंगमंच आणि वादकांची चार घरं, एवढंच स्वतःच्या पैशात बांध. तेवढ्यासाठी माझ्याकडून मदत होईल.

दिवाळीला येशील तेव्हा सातबारा, फेरफार आणि विहिरीच्या कराराची प्रत घेऊन ये. शेजारच्या गटाशी बांधाचा वाद आहे असं कानावर आलंय, त्याचंही खरंखोटं सांग.

तुझा,
मामा