ओट्यापाशी तिची जागा

अगं, काल फोनवर तू किती वैतागली होतीस! "ताई, ही पोर दिवसभर पायात घुटमळते. कडेवर घेतली तर एका हाताने पोळ्या लाटू का?" मी हसले. मग तू आवाज खाली करून सांगितलंस, की परवा प्लास्टिकचं स्टूल ओढत ती थेट शेगडीपाशी जाऊन उभी होती. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. रात्री झोप येईना, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक मनातलं. आपल्या आजीला असलं स्टूल कधी लागलं का? चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, परात जमिनीवर. आजी पाटावर बसायची आणि आपण तिच्या मांडीला टेकून शेंगा सोलायचो. तिथे काय चाललंय ते सगळं आपल्या डोळ्यांसमोर असायचं. पुढे ओटा आला, आपल्या कमरेचं दुखणं कमी झालं, पण स्वयंपाक अडीच-पावणेतीन फूट वर गेला आणि पोर खालीच राहिलं. तुझ्या लेकीला तिथून काय दिसतं? ओट्याखालची ट्रॉली आणि तुझे गुडघे. ती रडते ते हट्टाने नाही गं. वर काय चाललंय ते तिला बघायचंय.

तेव्हा तिला लाकडाचं, दोन पायऱ्यांचं स्टूल कर. विकतचं वाईट असतं असं नाही, पण ते तुझ्या ओट्याच्या आणि तिच्या कोपराच्या मापाचं मिळेलच असं नाही. हे माप चुकलं की काय होतं, ते मी भोगलंय. आईलासुद्धा सगळं सांगितलेलं नाही, तुला सांगते.

आमच्या चिरंजिवांच्या हनुवटीवरचा तो व्रण आठवतो ना? "अंगणात पडला" असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तो पडला माझ्याच हातच्या स्टुलावरून. केवढ्या हौसेने केलं होतं! चौरंगासारखं सुबक दिसावं म्हणून वरची फळी पायांच्या बाहेर तीन-तीन इंच काढली होती. साखरेचा डबा घ्यायला तो काठावर सरकला, पाऊल पायांच्या रेषेबाहेर पडलं आणि अख्खं स्टूल उलटलं. दोन टाके. डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर स्टूल उलटं करून बघत बसले. लाकूड पक्कं होतं, सांधेही पक्के. चूक होती ती त्या बाहेर काढलेल्या तीन इंचांची.

म्हणून पहिला नियम हाच: फळी पायांच्या बाहेर डोकावता कामा नये. तळ वरच्या फळीएवढा किंवा तिच्यापेक्षा रुंदच हवा.

आता मापं. ओट्याची उंची मोज, साधारण 33 इंच भरेल. मग तिला भिंतीला टेकून उभी कर, हात कोपरात दुमड आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोज. अडीच वर्षांच्या मुलीचं हे माप वीस-एकवीस इंच येतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की स्टुलाची उंची मिळाली, म्हणजे 12 इंचांच्या आसपास. सुरुवातीला ओटा तिला किंचित उंच वाटला तरी चालेल. या वयात पोरं वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वाढतात, चार-सहा महिन्यांत बरोबर येईल. बारा इंचांत दोन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. आपल्या जिन्याची पायरीही साधारण एवढीच असते, त्यामुळे तिच्या पायाला सवय आहे.

बाजूच्या दोन फळ्या पायऱ्यांच्या आकारात काप, तळाशी 16 इंच. वर उभं राहायची फळी 9 इंच खोल, खालची पायरी 7 इंच. रुंदी बाहेरून बाहेर 15 इंच, म्हणजे दोन्ही पावलं ठेवून इकडेतिकडे वळायला जागा राहते.

लाकूड? सागवान उत्तमच, पण त्यासाठी खिसा रिकामा करू नकोस. वखारीत सागाचे उरलेले तुकडे मिळतात का बघ. नाहीतर 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय घे, त्यावर 'आयएस 710' छापलेलं असतं. स्वयंपाकघर म्हणजे पाणी आलंच. घरी करवत चालवायचा कंटाळा असेल तर सुतारकाकांकडून मापाने कापून आण आणि जोडकाम तू कर. त्यात अवघड असं काही नाही.

खिळे वापरू नकोस. रोज चढउतार झाली की खिळा हळूहळू वर येतो आणि कोवळ्या पावलाला टोचतो. आठ नंबरचे दोन इंची स्क्रू घे. आधी तीन मिलिमीटरचं भोक पाड, नाहीतर लाकूड चिरतं. सांध्याला फेविकॉल लाव, मग पिळ. स्क्रूचं डोकं फळीत बुडलेलं हवं. प्लायच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, म्हणून प्रत्येक पायरीखाली आतून लाकडी पट्टी मार आणि मागच्या बाजूला एक आडवी पट्टी दे. ती नसेल तर महिन्याभरात स्टूल डुलायला लागतं. सगळे कोन गुण्या लावून तपास. कोपऱ्यांवर दहा रुपयांचं नाणं ठेवून पेन्सिलीने वळण आख आणि तेवढं घासून काढ. पॉलिश पेपर आधी 80 नंबर, मग 120, शेवटी 220. झाल्यावर डोळे मिटून सगळीकडून हात फिरव. कूस डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला लगेच कळते.

वर जवसाचं तेल पातळ लाव आणि चांगले काही दिवस वाळू दे. आणि एक फार महत्त्वाचं: तेल पुसलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं, असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी पाण्यात भिजव किंवा दोरीवर सुटी पसरून वाळव. पायांखाली रबरी बुचं लाव, ओल्या टाइलवर लाकूड सर्रकन सरकतं.

तयार झालं की लगेच तिला चढवू नकोस. वरच्या फळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर तळहाताने सगळा भार दे. समोरचा पाय जरा जरी उचलला गेला तर स्टूल नापास. तळ रुंद कर, मगच पुढचं बोल.

आता घरचे नियम. स्टूल नेहमी सिंकच्या बाजूला, शेगडीच्या बाजूला कधीच नाही. ती वर असताना तू हाताच्या अंतरावर. काम संपलं की स्टूल उचलून दाराआड, कारण जे स्टूल ओट्यापर्यंत नेतं ते गॅलरीच्या कठड्यापर्यंतही नेतं. हे तुझ्या नवऱ्यालाही बजावून सांग, त्याला "एकदा राहिलं तर काय होतंय" म्हणायची सवय आहे.

मुलांच्या मापाचं हे वेड काही माझं एकटीचं नाही. रोममध्ये 1907 साली माँटेसरीबाईंनी मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलं करून घेतली. आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीला तेच तत्त्व गावातल्या साध्यासुध्या वस्तूंवर चालवलं. मोठी माणसं होती ती. आपल्याला बारा इंच जमले तरी पुष्कळ.

आणि हो, पहिल्या दिवसापासून मदतीची अपेक्षा ठेवू नकोस. मेथी निवडताना ती देठ भाजीत आणि पानं केरात टाकेल. कणकेची चिमणी करेल, ती काळी पडेपर्यंत मळेल आणि तुला भाजून मागेल. भाजून दे. आमचा तो टाके पडलेला पोरगा आज लिंबं पिळतो, ताक घुसळतो, आणि "मीठ मी घातलंय" हे आल्यागेल्याला ऐकवतो.

तर आता एवढंच कर. आज रात्री ती झोपायच्या आत कोपराचं माप घे आणि मला फोनवर इंच सांग. फळ्या मी इथे कापून घेते, रविवारी येताना घेऊन येते. स्क्रू तू पिळायचेस.