वेष्टणाआडचा गंज

बाजारात माठ घेताना गृहिणी तो बोटाच्या पेराने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला की माठ चांगला, भद्द आला की कोठेतरी चीर आहे, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. त्यासाठी माठ फोडावा लागत नाही. फोडला तर परीक्षा पुरी होईल, पण माठ उरणार नाही. वस्तूला इजा न करता तिच्यातील दोष ओळखण्याच्या रीतीला तंत्रज्ञानात अविनाशी परीक्षण असे म्हणतात. माठापुरते बोटाचे पेर पुरते. परंतु जिच्यातून तप्त वाफ वाहते आहे आणि जिच्याभोवती जाड वेष्टण गुंडाळलेले आहे, अशी पोलादी नळवाहिनी कशी वाजवून पाहावी?

चेन्नईच्या उत्तरेस समुद्राजवळ मणली नावाचा औद्योगिक परिसर आहे. (हिमाचलातील मनालीशी त्याचे साम्य केवळ नावापुरते.) येथे १९६९ साली मद्रास रिफायनरीजचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास खते व रसायने तयार करणारे उद्योग उभे राहिले. अशा कारखान्यांत नळवाहिन्यांचे जाळे मैलोगणती पसरलेले असते. त्यांतील उष्णता वाया जाऊ नये आणि कामगारांचे हात पोळू नयेत, म्हणून त्यांवर खनिज लोकर किंवा काचलोकर यांचा थर देतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती वाहिनी चकचकीत आणि निरोगी दिसते.

दोष याच चकचकीतपणाआड लपतो. पत्र्याचा सांधा कोठे उसवतो, कोठे दुरुस्तीला आलेल्या माणसाचा पाय पडून पत्रा दबतो. चेन्नईत पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. १२ डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या वरदा चक्रीवादळासारखी वादळेही या किनाऱ्याला नवी नाहीत. फटीतून शिरलेले पाणी लोकरीत मुरते आणि बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने तेथेच राहते. समुद्राच्या हवेतील क्षार त्यात मिसळतात. नळ ऊबदार असेल तर गंजण्याची क्रिया अधिकच वेग घेते. साधारणपणे शून्याखाली चार अंशांपासून १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान असलेल्या साध्या पोलादी वाहिन्यांना हा धोका असतो. त्याहून तप्त नळावर पाणी टिकत नाही. मात्र कारखाना बंद ठेवला की तोही भिजतो.

सर्व वेष्टण सोलून पाहणे हा एक उपाय आहे. पण त्यासाठी उंच परांच्या बांधाव्या लागतात, टनावारी लोकर काढून पुन्हा बसवावी लागते, आणि तप्त वाहिनी उघडी करणे धोक्याचेही असते. मोठे कारखाने संपूर्ण तपासणीसाठी काही वर्षांतून एकदाच थांबवले जातात. श्राव्यातीत ध्वनीने जाडी मोजता येते खरी, परंतु त्या उपकरणाचा शोधक धातूला टेकवावा लागतो, म्हणजे तेवढ्या जागी तरी वेष्टण कापावेच लागते. धातूला स्पर्श न करता, वाहिनी चालू असतानाच आतले पाहायचे, तर किरणांचा आश्रय घ्यावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि पत्नीच्या हाताच्या छायाचित्राइतकेच कुतूहलाने आपल्या बंदुकीचेही छायाचित्र घेतले. माणसाच्या हाडांइतकीच धातूची अंतर्रचनाही या किरणांना दिसते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. कारखान्याच्या आवारात मात्र विजेवर चालणारे जड यंत्र उंच नेणे अवघड, म्हणून तेथे बहुधा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी समस्थानिकातून निघणारे गॅमा किरण वापरतात. हा इरिडियम मुंबईजवळ तुर्भे येथील अणुभट्टीत तयार होतो, आणि विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ तो देशभर पुरवते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवसांचा आहे. म्हणजे मुंबईहून चेन्नईला आलेला स्रोत अडीच महिन्यांत निम्म्या ताकदीचा होतो आणि त्याच छायाचित्राला दुप्पट वेळ लागू लागतो.

छायाचित्र घेण्याची रीत समजण्यास फारशी कठीण नाही. वाहिनीच्या एका बाजूस स्रोत आणि दुसऱ्या बाजूस, पत्र्याला लागून, फिल्म ठेवतात. लोकर हलकी आणि पत्रा पातळ असल्याने किरणांना त्यांचा अडथळा जवळजवळ जाणवत नाही. पोलाद मात्र त्यांना अडवते. डोळ्यांना आडकाठी करणारे हे वेष्टणच येथे फिल्मचे रक्षण करते, कारण नळ कितीही तापलेला असला तरी पत्रा बेताचाच ऊन असतो. नळाच्या कडेला स्पर्शून जाणाऱ्या किरणांमुळे भिंतीची जाडी फिल्मवर पट्ट्याच्या रूपाने उमटते. बाहेरून गंज लागला असेल तेथे हा पट्टा कुरतडल्यासारखा दिसतो.

परंतु कडेने जाणाऱ्या किरणाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक पोलाद ओलांडावे लागते. १६८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७ मिलिमीटर जाड भिंतीच्या नळात, आतील कडेला स्पर्शून जाणाऱ्या किरणाचा पोलादातील मार्ग सुमारे ६७ मिलिमीटर भरतो. इरिडियमचे किरण दर १३ मिलिमीटर पोलादामागे जवळपास निम्मे होतात, म्हणजे येथे ते पाच वेळा निम्मे होऊन बत्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास उरतात. नळ याच्या दुप्पट रुंद असला तर इरिडियम अपुरा पडतो आणि अधिक भेदक असा कोबाल्ट-६० वापरावा लागतो. नळात वाफेऐवजी तेल भरलेले असेल तर तेही किरणांचा काही भाग गिळते. त्यातून पंपाच्या कंपनाने चित्र पुसट होते ते वेगळेच.

याहून मोठी फसगत मापाची होते. दिव्यासमोर हात धरला तर भिंतीवरील सावली हातापेक्षा मोठी पडते. फिल्म नळापासून दूर, वेष्टणाबाहेर असल्याने येथेही तसेच घडते. स्रोत नळाच्या मध्यापासून ७०० मिलिमीटर आणि फिल्म त्याच्या पलीकडे १५० मिलिमीटर असेल, तर सावली सुमारे १.२१ पट मोठी होते. मूळची ७ मिलिमीटर भिंत गंजून ५.८ मिलिमीटर उरली असली, तरी फिल्मवर ती ७ मिलिमीटरच भरते. मोजणारा हे विसरला तर झिजलेला नळ निर्दोष ठरेल. म्हणून ज्ञात मापाची पोलादी गोळी नळाच्या कडेच्या पातळीत ठेवून तिचीही सावली घेतात आणि त्या प्रमाणात हिशेब करतात. इतक्या गुंतागुंतीच्या तंत्रात एका साध्या गोळीवर सारी मदार असावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एका छायाचित्रात नळाच्या दोनच कडा नीट दिसतात. उरलेल्या भागासाठी स्रोत आणि फिल्म फिरवून पुन्हा चित्रे घ्यावी लागतात. मैलोगणती वाहिन्यांची अशी तपासणी करणे शक्य नसते. पाणी उताराने कोठे जमेल, आधाराच्या जागी पत्रा कोठे कापला आहे, बाक कोठे आहेत, हे पाहून जागा निवडाव्या लागतात. ही निवड यंत्र करत नाही. त्यासाठी पावसाळ्यात वाहिनीखाली उभे राहून थेंब कोठून गळतो ते पाहिलेला माणूस लागतो.

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर कल्पाक्कम येथे या विषयाचा विशेष अभ्यास झाला, त्याला सबळ कारण होते. १९७१ साली स्थापन झालेल्या तेथील संशोधन केंद्राला पुढे इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. तेथील जलद प्रजनक चाचणी अणुभट्टी १९८५ साली कार्यान्वित झाली. तिच्यात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप सोडियम वापरतात. तप्त सोडियमचा हवेशी संबंध आला की तो पेट घेतो, त्यामुळे तेथील नळाला सुईएवढे छिद्रही परवडत नाही. धातुशास्त्रज्ञ बलदेव राज यांच्यासारख्यांनी तेथे अविनाशी परीक्षणाची शाखा वाढवली. या विषयातील राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालयही चेन्नईतच आहे.

जे किरण पोलाद भेदतात ते शरीरही भेदतात. २० क्युरी शक्तीचा इरिडियम उघडा असताना एक मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. किरणोत्सारी कामावरील व्यक्तीसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, म्हणजे ती तेथे अवघ्या बारा मिनिटांत संपेल. अंतर दहापट झाले की मात्रा शंभरपट घटते. म्हणून दोर बांधून आवार मोकळे करतात, काम बहुधा रात्री उरकतात आणि स्रोत लांब केबलने दुरूनच बाहेर काढतात व आत घेतात. मापकाने फेरतपासणी केल्यावाचून स्रोत पेटीत परतला असे मानत नाहीत. हा नियम किती मोलाचा आहे ते १९९९ साली पेरू देशातील यानांगो येथे दिसून आले. जलविद्युत केंद्रावरील एका वेल्डरने पेटीतून निसटलेला इरिडियमचा तुकडा साधी वस्तू समजून खिशात टाकला आणि काही तास तो तेथेच राहिला. त्याचा पाय कापावा लागला. आपल्या देशात अशा कामांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून काम करते. दोरावरच्या फलकावरील मजकूर तमिळमध्ये तर हवाच, पण दूरच्या प्रांतांतून आलेल्या मजुरांनाही तो उमगला पाहिजे. पळणारा माणूस आणि कवटी दाखवणारे चिन्ह २००७ साली जगापुढे आले ते याच विचाराने.

किरण गेल्यावर नळ स्वतः किरणोत्सारी होतो, असा एक समज कामगारांत आढळतो. तो खरा नाही. स्रोत पेटीत बंद झाला की त्या नळाला हात लावण्यास हरकत नसते.

पहाटे फिल्म धुऊन येते. आता अनेक ठिकाणी फिल्मऐवजी संगणकाला चित्र देणारी पट्टिका असते आणि वेळही कमी लागतो. पट्टा कोठे बारीक झाला आहे ते मोजून अभियंता त्या जागेवर खूण करतो. मूळ ७ मिलिमीटर, दहा वर्षांनी ५.८, म्हणजे वर्षाला ०.१२ मिलिमीटर झीज, असा हिशेब मांडता येतो. पण वेष्टणाखालचा गंज सरळ रेषेत चालत नाही, लोकर भिजली की तो धावतो. म्हणून त्या हिशेबावर न विसंबता खूण केलेल्या जागीच पत्रा कापतात, ओली लोकर काढतात, गंज खरवडून रंग देतात आणि सांधा पुन्हा घट्ट बसवतात. वाफ तोवर आतून वाहतच असते.