‘कर वाचवायला देतात गं!’

कुणा मोठ्या गायकानं कार्यक्रमाची सगळी कमाई दान केल्याची बातमी आली, की आपल्या घरात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘कर वाचवायला देतात गं!’ ‘एवढं कमावतात, त्यातलं चिमूटभर दिलं तर काय झालं?’ ‘आधी फोटोवाला बोलावला असेल.’ घरात आजोबा असतील तर त्यांचं एक जास्तीचं, ‘उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात, यांचं सगळ्या जगाला कळतं.’

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. दिवसभर डोकं पिकलेलं असतं, हात कणकेत असतात, गॅसवर दूध असतं आणि वाक्य तोंडातून निघून जातं. पण शेजारी गृहपाठाची वही उघडून बसलेलं पोर ते ऐकत असतं. आपण विसरतो, ते विसरत नाही.

आमच्या नगरच्या सावेडीतल्या घरात हे पलक मुच्छलवरून झालं. इंदूरची ही गायिका कार्यक्रमांच्या कमाईतून हृदयाचे आजार असलेल्या गरीब मुलांच्या शस्त्रक्रिया करून देते. 2024 मध्ये त्या शस्त्रक्रियांचा आकडा तीन हजारांवर गेला. सहावीतल्या आमच्या लेकीनं ही गोष्ट कुठूनशी ऐकली आणि दप्तर न काढताच सांगायला सुरुवात केली. कारगिलच्या युद्धाच्या वेळी छोटी पलक दुकानादुकानांत गाणी म्हणून जवानांच्या कुटुंबांसाठी पैसे गोळा करत होती. पुढे मार्च 2000 मध्ये इंदूरच्याच एका शाळेतल्या लोकेश नावाच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी ती फेरीवाल्याच्या हातगाडीवर उभी राहून गायली. 51,000 रुपये जमले. बातमी बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींपर्यंत गेली आणि त्यांनी ते ऑपरेशन फुकट करायची तयारी दाखवली. मग उरलेल्या पैशांचं काय करायचं? आईवडिलांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, आणखी कुणाच्या मुलाला गरज आहे का म्हणून. 33 मुलांची नावं आली. म्हणजे काम संपायच्या ऐवजी तिथून सुरू झालं.

लेकीला सगळ्यात आवडलं ते बाहुल्यांचं. एक मूल बरं झालं की पलक एक बाहुली घेते. ‘तिच्याकडे किती बाहुल्या असतील गं आई!’

तेवढ्यात बाबा चपला काढता काढता म्हणाले, ‘अगं, त्यांना परवडतं.’

लेक म्हणाली, ‘पण बाबा, तेव्हा ती माझ्याहून लहान होती.’ आणि आत निघून गेली.

आपल्याला वाटतं, मुलं कलाकाराचं कौतुक करताहेत. खरं तर त्या गोष्टीत ती स्वतःला उभं करून बघत असतात. हातगाडीवर आपण उभे आहोत, समोर माणसं आहेत, आपण गातोय. ‘परवडतं’ म्हणून आपण गायिकेला खाली उतरवायला जातो आणि उतरतं आपलंच पोर.

बरं, करवाल्या वाक्याचं गणितही एकदा मुलांबरोबर करून बघण्यासारखं आहे. सहावी-सातवीच्या मुलांना शेकडेवारी येते. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीतली निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. म्हणजे शंभर दिले तर वजा पन्नास. तीस टक्के कर भरणाऱ्याचे त्यावर वाचतात पंधरा रुपये आणि वर थोडं. काही सरकारी निधींना पूर्ण सूट असते, तिथे वाचतात तीस-एकतीस. नव्या करपद्धतीत ही सवलत मिळतच नाही. सरळ हिशेबानं दिलेल्या देणगीत देणाऱ्याच्या खिशातून जास्त जातं, येतं कमी. आमच्या घरात हे गणित मांडल्यावर बाबाच सगळ्यात जास्त वेळ वहीकडे बघत होते.

आपला संशय अगदीच पोकळ असतो, असंही नाही. 2025 च्या सप्टेंबरात आपल्या शेवगाव-पाथर्डीकडे आणि शेजारी बीड, धाराशिव, सोलापुरात पाणी शिरलं, तेव्हा मदतीच्या पिशव्यांवर फोटो छापलेले सगळ्यांनी पाहिले. राज्यभर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. वह्या-पुस्तकं भिजून गेलेल्या मुलाला कॅमेऱ्याकडे बघून पिशवी धरायला लावणं मला तरी क्रूर वाटतं. मुलांनी हे ओळखायला शिकावंच. फक्त ‘सगळे ढोंगी’ एवढ्यावर थांबलं, की विचारायचं काही उरत नाही. पैसे कुणाला गेले? किती गेले? घेणाऱ्याला कसं वाटलं असेल? हे विचारणारं मूल आपोआप जरा जास्त शहाणं बोलतं, आणि त्याचं मन कडू होत नाही.

आणि उदाहरण शोधायला इंदूरपर्यंत जायलाही नको. आपल्या पिढीला सदाशिव अमरापूरकर म्हटलं की ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आठवतो, ‘सडक’मधली महाराणी आठवते. लहानपणी ती महाराणी बघून रात्री पाणी प्यायला उठायचीही भीती वाटायची! हा माणूस आपल्या नगरचा. स्नेहालय ही संस्था, अंधश्रद्धा निर्मूलन समिती, सामाजिक कृतज्ञता निधी, अशा किती कामांशी जोडलेला. त्या निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा नामवंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे गावोगाव प्रयोग केले. तिकिटांचे पैसे निधीत गेले आणि त्यातून आयुष्यभर लोकांसाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. कार्यकर्त्याच्या घरीही किराणा लागतो, हे किती साधं, पण कितीजणांच्या लक्षात येतं?

याच अमरापूरकरांना 2013 च्या होळीत मुंबईत धक्काबुक्की झाली. तेव्हा ते 62 वर्षांचे होते. राज्यात दुष्काळ होता, आपल्या जिल्ह्यात जनावरं छावणीत होती आणि त्यांच्या घराजवळ रेन डान्ससाठी पाणी उडवलं जात होतं. त्यांनी जाऊन हरकत घेतली, तर जमाव अंगावर आला. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, ‘सिनेमात ते सगळ्यांना मारायचे ना? मग इथे?’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. चांगलं वागल्यावर टाळ्याच मिळतात असं नाही, हे मुलांना आपण कधी सांगतच नाही. मग वर्गात कुणी ‘आली मोठी समाजसेविका’ म्हटलं, की त्यांचा धीर सुटतो.

आता आपल्या स्वतःच्या देण्याकडे येऊ. शाळेतून मदतनिधीची चिठ्ठी येते, ती आपल्याला दिसते रिक्षा दारात वाजत असताना. आपण पर्समधून हाताला लागेल ती नोट काढतो, मुलाच्या खिशात कोंबतो, ‘बाईंना दे, हरवू नकोस.’ कशासाठी, कुणाला, काही नाही. मुलाच्या दृष्टीनं ते दान नसतं, फीच असते. पुढे वर्गात जास्त आणणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचली गेली, तर दहा रुपये आणलेलं मूल मान खाली घालतं. घरी येऊन ते हे सांगत नाही. पुढच्या वेळी फक्त जास्त पैशांचा हट्ट करतं, आणि आपण त्यालाच रागावतो.

वाढदिवस आश्रमात करायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. हेतू चांगलाच असतो. पण एकदा समोरच्या रांगेतल्या मुलाच्या जागी बसून बघा. अनोळखी मुलाचा केक, अनोळखी मुलासाठी टाळ्या, मग मोबाइलसमोर ‘सगळे हसा’. आपलं मूलही कधीकधी तिथे अवघडून आईच्या ओढणीमागे लपतं. त्याला कळत असतं, इथे काहीतरी चुकतंय. त्या वेळी ‘लाजू नको, दे ना त्याला चॉकलेट’ म्हणण्यापेक्षा त्याचं अवघडणं समजून घेतलेलं बरं. आधी फोन करून काय हवंय ते विचारावं, ते पोचवावं, फोटो काढू नये. आणि जमलं तर मुलांना नुसतं एकत्र खेळू द्यावं. कुणी देणारा नाही, कुणी घेणारा नाही, एक चेंडू पुरतो.

गल्ला फोडून सगळे पैसे देऊन टाकते म्हणणारी मुलं असतात, तशी एक रुपयाही न सोडणारी असतात. दोन्ही आपलीच. न देणाऱ्याला ‘स्वार्थी’ म्हणू नका. त्याच्या गल्ल्यात सायकलचं स्वप्न असतं. आमच्या लेकीनं तरी अजून काहीच दिलेलं नाही. शेजारच्या आजींना संध्याकाळी पेपर वाचून दाखवते, तो मात्र स्वतःहून. मी त्याचा फोटो काढायला मोबाइल उचलला होता. तिनं असं काही बघितलं की ठेवून दिला.

7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. शाळेतून छातीवर लावायचा छोटा झेंडा आणि मदतनिधीची चिठ्ठी येईल. या वेळी चिठ्ठी आदल्या रात्रीच दप्तरातून बाहेर काढा, पैसे कुणासाठी आहेत ते दोन वाक्यांत सांगा आणि किती द्यायचे ते मुलालाच ठरवू द्या. कमी वाटले तरी वर भर घालू नका.