जुन्या विलायती मोटारींचे आटे कसे ओळखावेत?

जुन्या विलायती मोटारी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या कामात चांगल्या मिस्त्रीला चांगला मोबदला मिळतो. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियमही केले आहेत. मॉरिस, ऑस्टिन, एमजी, जग्वार अशी गाडी दारात आली की आपले कारागीर बंधू पत्रा, रंग आणि इंजिन यांकडे बारकाईने पाहतात. मोठे नुकसान मात्र पुष्कळदा नट-बोल्टपाशी होते.

प्रकार असा घडतो. एक बोल्ट हरवलेला असतो. डब्यातला त्याच जाडीचा दुसरा लावून पाहिला तर तो दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. मग कोणी पान्याने जोर करतो, कोणी सरळ टॅप फिरवून भोकाला नवे आटे पाडतो. भोक अॅल्युमिनियमच्या कार्बोरेटरचे असेल तर तो भाग तिथेच संपला. लोखंडी बोल्ट नवा मिळेल, पण सत्तर वर्षांपूर्वीचा ब्लॉक किंवा हेड कुठून आणणार? म्हणून आधी आटा ओळखावा, मग पाना हातात घ्यावा.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक माप सुचवले. कोन ५५ अंशांचा, आट्याचा माथा आणि तळ दोन्ही गोलसर. हाच बीएसडब्ल्यू. तो जाडा आटा. थरथरणाऱ्या यंत्रांसाठी त्याच कोनाचा बारीक आटा १९०८ साली आला, तो बीएसएफ. डायनमो, घड्याळे, स्विच अशा नाजूक कामासाठी बीए हा तिसरा प्रकार होता. त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, मापे मिलिमीटरमध्ये, आणि आकडा जितका मोठा तितका स्क्रू लहान. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन यांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात. त्यामुळे १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच ६० अंशांचा आटा ठरवला. जाडा तो यूएनसी, बारीक तो यूएनएफ. कारखान्यांनी हा बदल एका दिवसात केला नाही. १९५० नंतरच्या गाडीत बॉडीला नवे आटे आणि बिजलीच्या सामानाला जुने बीए, असे मिश्रण सर्रास सापडते. गाडीचे साल पाहून आटा ठरवणारा हमखास फसतो.

ओळखण्याची रीत अवघड नाही. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने साफ करा. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. झिजलेल्या बोल्टचा व्यास थोडा कमीच भरणार. ३/८ इंची, म्हणजे आपल्या भाषेत ३ सूत, बोल्टचा व्यास ९.५ मिलिमीटर असायला हवा. तो ९.४ भरला तर गोंधळू नका. मग थ्रेड गेजचे पान आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. फट दिसता कामा नये. गेज ५५ अंशांचा आणि ६० अंशांचा असे दोन्ही जवळ ठेवावेत. गेज नसेल तर माहीत असलेला टॅप बोल्टला आडवा टेकवून दोघांचे आटे एकमेकांत बसतात का ते पाहावे. भोकाचे माप घ्यायचे असेल तर मऊ लाकडाची खुंटी हलकेच फिरवून आत घालावी. तिच्यावर आट्यांचा ठसा उमटतो आणि इंचात किती आटे आहेत ते मोजता येते.

आता फसगत कुठे होते ते पाहू. २ सूत, अडीच सूत, ३ सूत आणि साडेतीन सूत या मापांत बीएसडब्ल्यू आणि यूएनसी यांच्या आट्यांची संख्या एकच आहे. इंचात अनुक्रमे २०, १८, १६ आणि १४. नट बोटांनी सरळ चढतो, पण कोन वेगळा असल्याने आट्याला आटा पूर्ण टेकत नाही. मडगार्डला असा नट लावला तर मी अडवणार नाही. स्टिअरिंग, ब्रेक किंवा स्प्रिंगच्या शॅकलला मुळीच लावू नये. ४ सुतात मात्र बीएसडब्ल्यूचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे आहेत, तिथे नट अडकून आपणच सांगतो. बारीक आट्यांत फरक स्पष्ट आहे. ३ सुतात बीएसएफचे २० आणि यूएनएफचे २४. अडीच सुतात २२ आणि २४, २ सुतात २६ आणि २८. या शेवटच्या दोन मापांत नट दोन-तीन फेरे फिरतो आणि माणसाला वाटते की आटे गंजले आहेत. जोर लावण्याआधी मोजा.

लहान स्क्रूंत सर्वांत चकवणारा २ बीए. व्यास ४.७ मिलिमीटर. दीड सुताचा बीएसएफ आणि १० नंबरचा यूएनएफ, दोन्ही इंचात ३२ आट्यांचे, जवळजवळ याच जाडीचे आहेत. तसाच ० बीए. व्यास ६ मिलिमीटर आणि पिच १ मिलिमीटर, म्हणजे आजच्या ६ च्या मेट्रिक बोल्टसारखाच, फक्त कोन निराळा. इथे भिंगाशिवाय निर्णय करू नये.

पान्यावरून आटा ओळखण्याची सवय पुष्कळांना आहे. तिचा भरवसा धरू नये. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो. १/४ च्या पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर आहे. तिथे १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा कोपरे गोल करतो. यूएनएफ बोल्टच्या डोक्यावर गोल खळगा किंवा बाजूला एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे दिसली तर ती खूण मात्र कामाची.

डोके किती फसवते याचा नमुना मॉरिसच्या घरात आहे. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीचा हॉचकिस हा फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे कापणारी होती. म्हणून आटे मेट्रिक राहिले, पण इंग्रज मिस्त्रीचा पाना बसावा म्हणून डोकी व्हिटवर्थच्या मापाची केली. एमजी टी मालिकेच्या इंजिनात ८ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच असा बोल्ट भेटतो. तो अडीच सुताचाच वाटतो. आटे मोजले तर इंचात २५-२६ भरतात. असे झाले की मेट्रिक गेज लावून पाहा. आपल्याकडची हिंदुस्थान १० ही मॉरिस १० वरूनच बनली होती, तेव्हा तिच्या इंजिनावरही हीच सावधगिरी बाळगावी.

तेलाच्या दाबाची नळी बहुधा १/८ बीएसपीची असते. तिचा व्यास ९.७ मिलिमीटर भरतो, म्हणून नवखा तिला ३ सूत समजतो. तिचे आटे इंचात २८. अमेरिकन पाइप आट्याचे २७. अमेरिकन आट्याचा नवा सेंडर ब्लॉकमध्ये दाबून बसवला की गळती सुरू झालीच.

बोल्ट मिळतच नसेल तर लेथवर कापावा. व्हिटवर्थ आणि बीएसएफसाठी हत्यार ५५ अंशांचेच घासावे, ६० चे चालणार नाही. लेथचा लीडस्क्रू मेट्रिक असेल तर इंची आटे अचूक कापायला १२७ दात्यांचे गिअर लागते. आटा बरोबर आला तरी लोखंड कोणते तेही बघावे. कनेक्टिंग रॉडला बाजारचा साधा माइल्ड स्टीलचा बोल्ट घालू नये.

हार्डवेअर आणि भंगारवाल्या बंधूंनीही लक्ष द्यावे. गाडी तोडताना निघालेले बोल्ट किलोवर जातात, पण तेच मोजून, आट्यांप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवले आणि डब्यावर माप लिहिले तर एका नगाला दाम मिळतो. गाडी खोलताना प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी टाकून ठेवावेत. आणि जुन्या भोकात आधीच कोणी दुसरा आटा पाडलेला आढळला तर काम हाती घेण्यापूर्वीच मालकाला ते दाखवावे.