इटलीतले मुक्काम कमी कर

चि. मुक्ता,

आई-बाबांना घेऊन एप्रिलअखेर इटलीला जायचा तू आखलेला कार्यक्रम नीट वाचला. नऊ रात्रींत मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स आणि अमाल्फी. त्यासाठी सहा हॉटेलं. माझं आग्रहाचं सांगणं एकच : मुक्काम तीनच ठेव. रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परतायचं, म्हणजे उलटा प्रवासही वाचेल. यात इटली कमी दिसेल असं तुला वाटेल, पण हिशेब मांडलास तर उलटंच निघेल.

रोमहून फ्लोरेन्सला वेगवान गाडी साधारण दीड तासात पोचवते, हे खरं. पण गाव बदलायला तेवढाच वेळ लागत नाही. खोली सकाळी दहा-अकराला सोडायची, नवी बहुधा दुपारी दोन-तीननंतर मिळायची, मधल्या वेळात बॅगा सांभाळत स्टेशनं गाठायची. दर बदलाला अर्धा दिवस जातोच. सहा मुक्कामांत असे पाच बदल, म्हणजे अडीच दिवस. तीन मुक्कामांत दोनच बदल, म्हणजे एक दिवस. हा दीड दिवस तुला एक पैसाही जास्त न देता मिळतो.

दुसरं कारण तिथल्या सुट्ट्यांचं. फ्लोरेन्सची उफिझी गॅलरी सोमवारी बंद असते, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. २५ एप्रिलला मुक्तिदिनाची आणि १ मे रोजी कामगार दिनाची राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवसांत इटालियन लोकही फिरायला निघतात. कितीतरी चर्च दुपारी दोन-तीन तास दारं लावून घेतात. त्यात एप्रिलचा पाऊस. फ्लोरेन्सला एकच दिवस ठेवलास आणि तो सोमवार निघाला, तर बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ राहिलंच. वसंतावरचं हे चित्र वसंतातच पाहायला मिळावं, आणि पायाखालच्या हिरवळीतली फुलं एकेक करून न्याहाळण्याइतका वेळ त्याच्यासमोर उभं राहता यावं. तीन रात्री असल्या तर आजचं उद्यावर ढकलता येतं. व्हेनिसचंही तसंच : दिवसापुरते आलेले लोक संध्याकाळी परततात, गल्ल्या मोकळ्या होतात, आणि ते व्हेनिस फक्त मुक्कामाला राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं.

तू म्हणशील, व्हिसा आणि विमानभाडं एवढं करून जायचं, पुन्हा कधी जाणं होणार? म्हणूनच तर सांगतो. एवढा महागाचा दिवस फलाटावर घालवू नये. टूर कंपन्या इतक्याच दिवसांत सगळं दाखवतात, हाही मुद्दा आहे. पण त्यांची बस सामानासकट माणसांना नेते, आणि बरीच ठिकाणं बाहेरूनच दाखवते. तुम्हाला बॅगा स्वतः ओढायच्या आहेत, आणि व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार कर. नेपल्स गाळल्यावर पॉम्पेई हुकेल, ही हळहळ मात्र खरी आहे. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर बाबांना पाहायचंच असेल, तर व्हेनिस काढून नेपल्सला दोन रात्री ठेव. अदलाबदल कर, भर घालू नकोस.

हे आधी ठरव, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामांचं आरक्षण जोडावं लागतं. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. मग कोलोसियम, व्हॅटिकन आणि उफिझीची वेळेची तिकिटं काढ. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ते पासपोर्टवर आहे तसंच घाल. बाकीचे तास मोकळे सोड. आई-बाबांना एखाद्या चौकात तासभर बसावंसं वाटलं, तर ते तुला ‘उशीर होतोय’ न म्हणता करता आलं पाहिजे.

तुझा,
मामा