जुनं गिऱ्हाईक आणि माझी क्वेरी

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला 'ऑर्डर बाय' लिहून मार्क मिळवणं सोपं आहे. तीच ओळ मी मामाच्या धंद्यात लिहिली आणि एक गिऱ्हाईक जवळजवळ घालवलं, त्याची ही हकीकत.

मामाचं अकोले गावात (विदर्भातलं अकोला नव्हे, आपल्या नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं) तांदळाचं छोटं दुकान आहे. तिथला काळभात म्हणजे काळ्या सालीचा, बारीक दाण्याचा. शिजला की वास शेजाऱ्याच्या घरापर्यंत जातो. डिप्लोमाला असताना मी मामाला वेबसाईट करून दिली. पुण्या-मुंबईहून ऑर्डरी यायला लागल्या.

गेल्या दिवाळीला मामा म्हणाला, "नेहमीच्या माणसांना काहीतरी पाठवू. यादी काढ." मी ग्राहकवार खरेदीची बेरीज केली, उतरत्या क्रमाने लावली आणि वरची २० नावं दिली. दोन मिनिटांचं काम! प्रत्येकाला अर्धा किलो तांदूळ गेला.

ठाण्याच्या एक काकू वेबसाईट सुरू झाली त्या आठवड्यापासून दर दोन महिन्यांना पाच किलो न्यायच्या. दोन वर्षांत १२ ऑर्डरी, १२० रुपये किलोने ७२०० रुपये. त्यांच्याच सांगण्यावरून शेजारणीने मुलीच्या लग्नाला एकदा १०० किलो घेतला, १२००० रुपयांचा. शेजारीण यादीत आली, काकू २३व्या नंबरावर राहिल्या. पुढे चार महिने काकूंची ऑर्डर नाही. शेवटी मामाने फोन केला. काकू म्हणाल्या, "शेजारी भेट आलेली पाहिली हो. म्हटलं, आता मोठी गिऱ्हाइकं मिळाली, आमच्या पाच किलोचं काय!"

मामा मला रागावला नाही. त्याचंच जास्त लागलं.

मग शोधाशोध केली. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या इंटरनेटच्या आधीपासून तीन गोष्टी बघत आल्यात: शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि किती रुपयांची. प्रत्येक रकान्यात गिऱ्हाइकांचे पाच सारखे भाग पाडायचे आणि १ ते ५ गुण द्यायचे. गेल्या दिवाळीची तारीख धरून पुन्हा चालवलं. काकू ५, ५ आणि ४, म्हणजे १४. शेजारीण २, १ आणि ५, म्हणजे ८. माझ्या आधीच्या क्वेरीत 'काउंट' नावाचा साधा शब्दच नव्हता.

रुपये मोजणं सगळीकडे चूक असतं असंही नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेलच्या कामगारांनी सहकारी दुकान काढलं, तिथे नफा खरेदीच्या प्रमाणात वाटत. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तिथे उसाचे पैसे टनावरच मिळणार, वजनकाट्याशिवाय दुसरा हिशोब कुठला? पण आभार म्हणजे हिश्शाची वाटणी नव्हे. सभासद म्हणून आमच्याकडे दिवाळीला सवलतीची साखर येते, तेव्हा आजी ती "कारखान्याची साखर" म्हणून वेगळ्या डब्यात ठेवते. बाजारातून आणलेल्या साखरेला असा मान नाही.

यावर्षी मी म्हटलं, "मामा, १० टक्के सूट देऊ, कूपन टाकतो." मामाने हिशोब मांडला. पाच किलोवर सूट ६० रुपये, ती सरळ खिशातून. अर्धा किलो तांदूळही गिऱ्हाइकाला ६० रुपयांचाच, पण मामाला पडतो ४० ला आणि पुढच्या ऑर्डरीच्याच पिशवीत जातो, कुरिअर वेगळं नाही. शिवाय एकदा १०८ ला घेतलेला तांदूळ पुन्हा १२० ला महाग वाटतो. भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकते, जुडीचा भाव कमी करत नाही, हे मी रोज बघतो आणि तरी कूपन सुचवलं.

आणखी एक. सरसकट सगळ्यांना मेसेज पाठवायचं मामाने नाकारलं. "नंबर त्यांनी तांदळासाठी दिलाय," म्हणाला. प्रत्येक पिशवीत तो हाताने चिठ्ठी लिहितो. अक्षर डॉक्टरसारखं आहे, पण लिहितो.

नवी यादी मोठ्या ऐटीत दिली. काकू दुसऱ्या नंबरावर. मामाने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "गुरुजी कुठंयत?"

गुरुजी म्हणजे राजूरचे निवृत्त मास्तर. वेबसाईट नव्हती तेव्हापासून दर महिन्याला एसटीने येतात, रोख देतात, चहा घेतात. माझ्या डेटाबेसमध्ये ते नाहीतच. मामाने बॉलपेन काढलं आणि यादीच्या वर, पहिल्या नंबराच्याही वर, त्यांचं नाव लिहिलं.